घरच्या गेम सर्व्हरला मित्र कनेक्ट होत नाहीत? राउटरला हात लावायच्या आधी हे वाचा

दिवाळीच्या सुट्टीत भाच्याने डोकं खाल्लं, मामा आमच्यासाठी माइनक्राफ्टचा सर्व्हर टाक ना, आपला स्वतःचा, महिन्याला पैसे न भरता. आमच्या नाशिकच्या इंदिरानगरच्या घरी एक जुना डेस्कटॉप पडून होता, ८ जीबी रॅम, मध्यंतरी एसएसडी टाकलेली, म्हटलं त्यात काय, अर्ध्या तासाचं काम. आणि सर्व्हर खरंच अर्ध्या तासात सुरू झाला. पण नाशिकरोडहून भाचा, जेलरोडचा त्याचा मित्र आणि पुण्याला हॉस्टेलवर असलेली माझी पुतणी हे तिघं आत शिरायला तीन रात्री गेल्या. त्यातल्या दोन रात्री मी राउटरच्या पानावर पोर्ट फॉरवर्डिंगच्या खटपटी करत बसलो होतो, आणि नंतर कळलं की तिथे काही केलं असतं तरी उपयोग नव्हता. तुमच्या रात्री तरी वाचाव्यात म्हणून हे लिहितोय.

उदाहरणं मी माइनक्राफ्टच्या जावा व्हर्जनची देतोय कारण तेच मी चालवतो, बाकी गेमला फक्त पोर्ट, म्हणजे मशीनवरचा त्या गेमच्या दाराचा नंबर, बदलतो, शोधायची पद्धत तीच. जावा माइनक्राफ्ट २५५६५ टीसीपी, बेडरॉक (माइनक्राफ्टचंच दुसरं व्हर्जन) १९१३२ यूडीपी, टेरारिया ७७७७ टीसीपी, व्हॅलहाइम २४५६ आणि २४५७ यूडीपी, फॅक्टोरिओ ३४१९७ यूडीपी, पालवर्ल्ड ८२११ यूडीपी. हे टीसीपी-यूडीपी म्हणजे डेटा पाठवायच्या दोन वेगळ्या पद्धती, कोणत्या गेमला कोणती ते नीट बघून ठेवा, पुढे याच्यावरून घोळ होतो.

आधी चित्र डोक्यात बसवू. पंचवटीतला एखादा जुना वाडा आठवा, रस्त्याला एकच दिंडी दरवाजा आणि आत आठ बिऱ्हाडं. पोस्टमनला माहीत असतो तो वाड्याचा पत्ता, तो तुमचा पब्लिक आयपी. आतल्या खोल्यांचे नंबर म्हणजे १९२.१६८ ने सुरू होणारे आयपी, ते वाड्याच्या आतच चालतात, बाहेर कोणाला सांगून फायदा नाही. आणि राउटर म्हणजे दिंडीवर बसलेले आजोबा. आतून कोणी काही मागवलं असेल तर आलेलं सामान बरोबर त्या खोलीत पोचवतात, पण न मागवता कोणी आलं की दारातूनच परत. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे आजोबांना सांगून ठेवायचं की बाबा, २५५६५ विचारत कोणी आलं तर त्याला मागच्या चौकातल्या खोलीत सोडा. बस, एवढंच आहे ते, लोकांनी उगाच त्याचा बाऊ केलाय.

आता काम करताना क्रम असा ठेवायचा: आधी खोली, मग चौक, मग दिंडी, मग गल्ली. म्हणजे आधी सर्व्हरवाला पीसी, मग घरातलं वायफाय, मग राउटर, आणि सगळ्यात शेवटी नेट कंपनी. आतलं पक्कं झाल्याशिवाय बाहेरच्याला हात लावायचा नाही. मी थेट दिंडीपासून सुरुवात केली आणि तिथेच फसलो.

मित्राला विचारा, नक्की काय लिहून येतंय

"मामा, होत नाहीये" हा एरर नाही. स्क्रीनशॉट मागवा. कारण तिथे लिहिलेल्या ओळीत अर्धं उत्तर असतं आणि कोणी ते वाचतच नाही.

"कनेक्शन टाइम्ड आउट" आलं तर मित्राची हाक कुठेतरी हवेत विरली, कोणी होही म्हणालं नाही आणि नाहीही. म्हणजे फायरवॉल (पीसीवरचा पहारेकरी प्रोग्राम), राउटर, चुकीचा पत्ता किंवा नेट कंपनी, यातल्या कशामुळे तरी पॅकेट, म्हणजे मित्राने पाठवलेला डेटाचा तुकडा, गुपचूप हरवतंय.

"कनेक्शन रिफ्यूज्ड" आलं तर गोष्ट पूर्ण वेगळी. इथे हाक कोणत्या तरी मशीनपर्यंत पोचली आणि त्या मशीनने तोंडावर सांगितलं की या पोर्टवर इथे कोणी राहत नाही. म्हणजे रस्ता बऱ्यापैकी मोकळा आहे, पण सर्व्हर बंद आहे, पोर्ट चुकलाय, नाहीतर पॅकेट भलत्याच मशीनकडे गेलंय. या भलत्या मशीनचा किस्सा पुढे येतोय.

"अननोन होस्ट" म्हणजे पत्ताच चुकीचा टाइप झालाय, बहुतेक वेळा व्हॉट्सअॅपवरून कॉपी करताना मागे एक स्पेस आलेली असते.

आणि "यू आर नॉट व्हाइटलिस्टेड" किंवा "आउटडेटेड क्लायंट" असं काही आलं तर पेढे वाटा, कारण नेटवर्क चालतंय, पोरगं दारापर्यंत पोचलंय. व्हाइटलिस्टमध्ये, म्हणजे आत सोडायच्या लोकांच्या यादीत, नाव घाला किंवा दोघांचं व्हर्जन सारखं करा, पुढचं काही वाचायची गरज नाही.

सर्व्हर स्वतःच्याच पीसीवर चालतोय का

सर्व्हर ज्या पीसीवर आहे त्याच पीसीवर गेम उघडा आणि पत्ता म्हणून लोकलहोस्ट किंवा १२७.०.०.१ टाका. इथे शिरता आलं नाही तर राउटर, फायबर, कंपनी, सगळ्यांना विसरा, भानगड सर्व्हरमध्येच आहे. सर्व्हरची काळी खिडकी वाचा. माइनक्राफ्टला पहिल्यांदा युला नावाच्या फाइलमध्ये फॉल्सचं ट्रू करावं लागतं, नाहीतर तो सुरू होऊन लगेच बंद पडतो. जावाचं व्हर्जन जुनं असेल तरी तेच, १.२०.५ पासून पुढच्या माइनक्राफ्टला किमान जावा २१ लागतं.

"फेल्ड टू बाइंड टू पोर्ट" दिसलं तर दोन शक्यता. एक, आधीचा सर्व्हर नीट बंद न होता मागे चालूच राहिलाय, टास्क मॅनेजरमध्ये जाऊन जुनं जावा मारा. दोन, सर्व्हर प्रॉपर्टीज फाइलमध्ये सर्व्हर-आयपीच्या पुढे तुम्ही काहीतरी लिहून ठेवलंय. नवीन माणूस तिथे हौसेने आपला पब्लिक आयपी टाकतो, कारण नावच तसं आहे. ती जागा रिकामी सोडायची. पब्लिक आयपी हा दिंडीचा पत्ता, तो तुमच्या खोलीच्या दारावर लावून कसं चालेल.

खात्री करायची असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटस्टॅट लिहून स्पेस देऊन मायनस एएनओ लिहा, एंटर मारा आणि यादीत २५५६५ शोधा. त्याच्या आधी ०.०.०.० आणि पुढे लिसनिंग असं दिसलं तर सर्व्हर सगळ्यांसाठी कान उघडे ठेवून बसलाय. १२७.०.०.१ दिसलं तर तो फक्त स्वतःशीच बोलतोय, परत ती सर्व्हर-आयपीची ओळ बघा. यूडीपीवाल्या गेममध्ये लिसनिंग हा शब्द दिसत नाही, पोर्ट यादीत असला की झालं. लिनक्सवाल्यांनी एसएस मायनस टीयूएलपीएन वापरा.

घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपवरून

आता त्याच वायफायवर दुसरा लॅपटॉप घ्या. सर्व्हरवाल्या पीसीवर आयपीकॉन्फिग कमांड मारून आयपीव्ही४ अॅड्रेस बघा, समजा १९२.१६८.१.१०५ आहे, तर लॅपटॉपच्या गेममध्ये तोच टाका. आयपीकॉन्फिगमध्ये १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसला तर पीसीला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, केबल काढून परत लावा. आणि लॅपटॉप गेस्ट वायफायवर असेल तर त्याला मुख्य वायफायवर आणा, गेस्टवाल्यांना घरातली बाकी मशीन दिसू नयेत हाच त्याचा उद्देश असतो.

स्वतःच्या पीसीवर चालतं पण शेजारच्या लॅपटॉपवरून टाइम आउट होतं, तर १०० पैकी बहुतेक वेळा विंडोजची फायरवॉल. इथे जरा थांबून सांगतो कारण माझी अर्धी रात्र इथेच गेली.

सर्व्हर पहिल्यांदा चालू केला की विंडोज एक खिडकी दाखवतं, या प्रोग्रामला नेटवर्कवर बोलू द्यायचं का म्हणून. आपण घाईत असतो, खिडकी दिसली की कॅन्सल. आता गंमत अशी की कॅन्सल म्हणजे "नंतर बघू" नाही, कॅन्सल दाबलं की विंडोज त्या जावासाठी ब्लॉकचा रूल बनवून ठेवतं. मग आपण यूट्यूबवर बघून २५५६५ साठी छान अलाउचा रूल बनवतो आणि तरी चालत नाही, कारण विंडोजमध्ये अलाउ आणि ब्लॉक आमनेसामने आले की ब्लॉक जिंकतो. मी अलाउचे चार रूल बनवले होते चार! आणि खाली तो लाल चिन्हाचा ब्लॉकवाला मजेत बसलेला.

तर करायचं असं: विंडोज डिफेंडर फायरवॉलच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जा, इनबाउंड रूल्स उघडा, नावाने लावून जावा किंवा ओपनजेडीके शोधा, आणि लाल चिन्हवाले जे असतील ते काढून टाका. मग पोर्टसाठी एक अलाउ रूल बनवा, टीसीपी की यूडीपी ते नीट निवडून. प्रोग्रामच्या नावाने रूल करण्यापेक्षा पोर्टचा करा असं माझं मत, कारण उद्या जावा अपडेट केलं की त्याच्या फोल्डरचा पत्ता बदलतो आणि जुना रूल त्याला लागू होत नाही.

अजून एक, सेटिंगमध्ये तुमचं वायफाय पब्लिक नेटवर्क आहे की प्रायव्हेट ते बघा. राउटर बदलला की विंडोजला ते नवीनच नेटवर्क वाटतं आणि ते त्याला पब्लिक समजतं, म्हणजे रेल्वे स्टेशनवरच्या वायफायसारखं वागवतं. घरचं आहे, प्रायव्हेट करा. वेगळा अँटीव्हायरस टाकला असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असते, तीही बघावी लागेल. उबंटूवर सर्व्हर असेल आणि यूएफडब्ल्यू ही त्याची फायरवॉल चालू असेल तर त्यात पोर्ट अलाउ करा, एका ओळीचं काम आहे.

फायरवॉल पूर्ण बंद करून बघायचा मोह होतो. दोन मिनिटं बंद करून टेस्ट करा, चालेल, पण परत चालू करा, तशीच सोडू नका.

पीसीचा पत्ता पक्का करा

आता तो भलत्या मशीनचा किस्सा. सगळं सुरळीत चालू होऊन दोन-तीन आठवडे झाले होते, एका संध्याकाळी पाऊस आला, लाइट गेली, तासाभराने आली. पीसी चालू, सर्व्हर चालू, आणि भाच्याचा मेसेज, मामा रिफ्यूज्ड येतंय. मी सर्व्हर बंद-चालू केला, रिफ्यूज्ड. पीसी रीस्टार्ट, रिफ्यूज्ड. माझ्याकडे लोकलहोस्टवर मात्र एकदम झकास चालतंय. शेवटी राउटरच्या पानावर जोडलेल्या मशीनची यादी उघडली तर १०५ नंबरवर आमचा हॉलमधला टीव्ही! लाइट आल्यावर टीव्हीने पीसीच्या आधी उठून राउटरकडे पत्ता मागितला आणि त्याला १०५ मिळाला, पीसीला १०३. म्हणजे नाशिकरोडचं पोरगं तासभर आमच्या टीव्हीच्या दारावर टकटक करत होतं आणि टीव्ही इमानदारीत सांगत होता, इथे माइनक्राफ्ट राहत नाही.

उपाय सोपा आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन नावाचं काहीतरी असतं, काही राउटरमध्ये अॅड्रेस रिझर्व्हेशन किंवा स्टॅटिक लीज म्हणतात. तिथे पीसीचा मॅक अॅड्रेस (नेटवर्कवर मशीन ओळखायचा नंबर) आणि त्याला द्यायचा आयपी लिहून ठेवायचा, मग तो नंबर दुसऱ्या कोणाला जात नाही. पीसी वायफायवर असेल तर विंडोजमधलं रँडम हार्डवेअर अॅड्रेस बंद ठेवा, नाहीतर मॅक अॅड्रेसच बदलतो आणि रिझर्व्हेशन वाया. पण खरं सांगू का, सर्व्हर वायफायवर ठेवूच नका, पाच-दहा मीटरची लॅन केबल टाका. सिडकोत घरं इतकी खेटून आहेत की फोनवर वायफाय शोधलं की पंधरा-वीस नावं दिसतात, सगळी २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या अंगावर. गेम दर मिनिटाला हिसका देतो तो यामुळे, आणि शिव्या खातो सर्व्हर.

पोर्ट फॉरवर्ड करायच्या आधी ही दोन मिनिटांची तपासणी

याच पायरीने माझ्या दोन रात्री खाल्ल्या, म्हणून ही सोडू नका.

राउटरचं पान उघडा, १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, जिओच्या राउटरला १९२.१६८.२९.१. नसेल माहीत तर आयपीकॉन्फिगमध्ये डिफॉल्ट गेटवेसमोर जो आकडा आहे तो. आत स्टेटसच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता, असतो, तो कागदावर लिहून घ्या. मग गूगलवर माझा आयपी काय असं इंग्रजीत विचारा आणि तिथे दिसलेला आयपीव्ही४ शेजारी लिहा.

दोन्ही सारखे असतील तर नशीबवान आहात, दिंडीचा पत्ता तुमचाच आहे, पोर्ट फॉरवर्डिंग चालेल.

वेगळे असतील तर वॅनवाला आकडा बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. जगात आयपीव्ही४ पत्ते संपत आले म्हणून कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एकच पब्लिक पत्ता देतात, आणि त्यासाठी १००.६४ ची ही रांग २०१२ मध्ये मुद्दाम वेगळी काढून ठेवलेली आहे. वाड्याच्या भाषेत, तुमच्या दिंडीबाहेर अख्ख्या आळीला अजून एक मोठा दरवाजा आहे आणि त्याची किल्ली केबलवाल्याकडे. तुम्ही तुमच्या आजोबांना कितीही सूचना द्या, पाहुणा त्यांच्यापर्यंत येतच नाही. मी दोन रात्री आजोबांना समजावत बसलो होतो.

वॅन आयपी १०, १९२.१६८ किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होत असेल तर एक तर कंपनी तिची खाजगी रांग वापरतेय, किंवा तुमच्याच घरात दोन राउटर एकामागे एक आहेत. हे दुसरं आपल्याकडे फार होतं. फायबरवाला त्याचा डबा लावून जातो, त्याचं वायफाय आतल्या खोलीत पोचत नाही, मग आपण एमजी रोडवरून दोन अँटेनावाला नवीन राउटर आणतो आणि डब्यातून वायर काढून त्यात खुपसतो. झाले दोन दरवाजे. दोघंही पत्ते वाटतायत, दोघंही पाहुणे अडवतायत. नवीन राउटरला अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, म्हणजे तो फक्त वायफाय देईल आणि पत्ते वाटायचं काम डब्याकडे राहील. किंवा कंपनीला सांगून डबा ब्रिज मोडमध्ये करून घ्या, म्हणजे पत्ते वाटायचं काम नवीन राउटरकडे राहील. हे करून वॅन आयपी परत बघा.

वॅन आयपी बरोबर असेल तर पोर्ट फॉरवर्ड

हे पटकन उरकतो. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग किंवा व्हर्च्युअल सर्व्हर शोधा, बाहेरचा पोर्ट २५५६५, आतला पोर्ट २५५६५, आतला आयपी तोच जो रिझर्व्ह केला, प्रोटोकॉल टीसीपी. सेव्ह. काही राउटर रीबूट केल्याशिवाय ऐकत नाहीत. डीएमझेड नावाचा पर्याय दिसेल, त्याने सगळेच पोर्ट उघडे पडतात, त्याच्या वाटेला जाऊ नका.

टेस्ट घरातून करू नका. बऱ्याच राउटरना आतून बाहेर जाऊन परत आत वळणं जमत नाही, त्यामुळे स्वतःच्या वायफायवरून स्वतःचा पब्लिक आयपी टाकला की टाइम आउट येतं आणि आपल्याला वाटतं काम झालं नाही, प्रत्यक्षात मित्राकडे चालत असतं. फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटाचं हॉटस्पॉट करून त्यावर लॅपटॉप जोडा आणि मग बघा. आणि घरात खेळणाऱ्यांनी १९२.१६८ वालाच पत्ता वापरायचा, बाहेरच्यांनी पब्लिकवाला.

पोर्ट उघडा आहे का सांगणाऱ्या साइट असतात, त्यांच्यावर विश्वास ठेवायच्या आधी दोन गोष्टी. सर्व्हर त्या वेळी चालू पाहिजे, नाहीतर पोर्ट बंदच दिसणार. आणि बहुतेक साइट टीसीपीच तपासतात, बेडरॉक किंवा व्हॅलहाइमचा यूडीपी पोर्ट तिथे कायम बंद दाखवेल आणि तुम्ही उगाच रात्र जागवाल.

पब्लिक आयपी मिळाला तरी तो राउटर रीबूट झाला की बदलू शकतो, मग मित्रांना दर वेळी नवीन आकडा पाठवावा लागतो. डकडीएनएससारख्या फुकट सर्व्हिसवर एक नाव घ्या, पीसीवर त्याचा छोटा प्रोग्राम टाका, तो आयपी बदलला की नाव नवीन आयपीला जोडून देतो.

सीजीनॅट असेल तर

कंपनीला फोन करा, पण शब्द बरोबर वापरा. मी पहिल्यांदा सांगितलं की गेम सर्व्हर चालत नाहीये, तर समोरून प्रश्न, "सर, यूट्यूब चालतंय का?" चालतंय म्हटलं. "मग नेट ओके आहे सर." फोन कट. दुसऱ्या दिवशी आमच्या भागात फायबरचं काम बघणाऱ्या दादाला फोन केला, त्याला म्हटलं दादा, माझा वॅन आयपी १०० ने सुरू होतोय, मला पब्लिक पाहिजे. तो म्हणाला, "मग पब्लिक स्टॅटिक पायजे असं सांगा ना डायरेक्ट, त्याचे वेगळे पैसे पडतील." आठवड्याने मिळाला. काही कंपन्या घरगुती कनेक्शनला देतच नाहीत, त्यामुळे पैसे भरायच्या आधी लेखी विचारून घ्या.

पैसे नसतील द्यायचे तर दोन वाटा आहेत आणि दोन्हींमागची युक्ती एकच: बाहेरून आत येता येत नाही पण आतून बाहेर जाता येतं, म्हणून दार आतून उघडायचं.

पहिली टेलस्केल. सर्व्हरच्या पीसीवर टाका, मित्रांच्या पीसीवर टाका, सर्व्हरवालं मशीन त्यांच्याशी शेअर करा, मग सगळे जणू एकाच वायफायवर आल्यासारखे होतात. मित्र टेलस्केलने दिलेला १०० वाला पत्ता गेममध्ये टाकतात, झालं. हो, तो पत्तापण १०० नेच सुरू होतो, सीजीनॅटची तीच रांग टेलस्केलही वापरतं, दोन्हींची गल्लत करू नका, मी केली होती. झिरोटियरही याच पठडीतलं. पोर्ट जगाला उघडा पडत नाही म्हणून चार-पाच ओळखीच्या पोरांसाठी मला हेच सगळ्यात चांगलं वाटतं.

दुसरी, प्लेइट डॉट जीजीसारखा टनेल. इथे प्रोग्राम फक्त सर्व्हरवर चालतो, तो तुम्हाला एक नाव देतो, मित्रांना काही टाकावं लागत नाही. बदल्यात सगळं त्यांच्या सर्व्हरवरून फिरून येतं, त्यामुळे पिंग, म्हणजे डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ, थोडा वाढतो. पुतणीचं असंच सुटलं, तिला हॉस्टेलच्या कॉम्प्युटरवर काही इन्स्टॉल करायची सोय नव्हती. तिच्या हॉस्टेलचं वायफाय तरी अडवत होतं, मग तिने फोनचं हॉटस्पॉट वापरलं. मित्राच्या बाजूचं नेटही अडवू शकतं हे लक्षात असू द्या, सगळा दोष आपल्या माथी घेऊ नका.

आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, हा तिसरा रस्ता. तुमच्याकडे आणि मित्राकडे दोघांकडे असेल तर सीजीनॅटचा प्रश्नच येत नाही, फक्त राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये पोर्ट उघडावा लागतो आणि पत्ता चौकोनी कंसात टाकावा लागतो. एकाकडे जरी नसेल तरी गाडी अडते, म्हणून नवख्याला मी आधी टेलस्केलच सांगतो.

कनेक्ट झालं पण अडकतंय

सर्व्हरच्या खिडकीत "कान्ट कीप अप" असं येत असेल तर नेट बिचारं निर्दोष आहे, पीसी दमलाय, रॅम किंवा प्रोसेसर कमी पडतोय. व्ह्यू डिस्टन्स १० चं ६ करून बघा.

ते येत नसेल आणि तरी अडकत असेल तर पिंग बघा. मित्र सातपूरला आहे म्हणजे पिंग कमीच असणार असं धरू नका, त्याची कंपनी वेगळी असेल तर पॅकेट बऱ्याचदा कसारा घाट उतरून मुंबईला जातं आणि तिथून वळून परत नाशकात येतं. ट्रेसर्ट कमांड मारून बघा, रस्ता दिसतो.

उघड्या दाराची काळजी

पब्लिक पोर्ट उघडला की कन्सोलमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या त्या काळ्या खिडकीत, अनोळखी नावं डोकवायला लागतील. घाबरू नका, पोर्ट हुडकत फिरणारे बॉट असतात. व्हाइटलिस्ट चालू ठेवा, ऑनलाइन मोड (येणाऱ्याचं माइनक्राफ्ट खातं खरं आहे का ते तपासणारं सेटिंग) ट्रूच राहू द्या, रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ आणि आरकॉनचा (लांबून सर्व्हरला कमांड द्यायच्या सोयीचा) २५५७५ कधीही फॉरवर्ड करू नका. आणि जुन्या व्हर्जनच्या प्रेमात असाल तर डिसेंबर २०२१ मधलं लॉगफोरजेचं, म्हणजे माइनक्राफ्ट नोंदी लिहायला वापरतं त्या जावा लायब्ररीचं, भगदाड आठवा, नुसता चॅटमध्ये एक मेसेज टाकून दुसऱ्याच्या माइनक्राफ्ट सर्व्हरवर आपला कोड चालवता येत होता. ते १.१८.१ मध्ये बुजवलं, त्याच्या मागचं काही चालवायचं असेल तर आधी पॅच लावा.

राहिलं लाइटचं. पीसीच्या पॉवर सेटिंगमध्ये स्लीप नेव्हर करा, आमचा सर्व्हर रोज अर्ध्या तासाने "गायब" व्हायचा तो फक्त झोपत होता. राउटर आणि फायबरच्या डब्याला छोटा यूपीएस मिळतो, अॅडॉप्टरवर व्होल्ट किती लिहिलेत ते बघून घ्या, बहुतेक १२ असतात. पीसी इन्व्हर्टरवर असेल तर लाइट गेल्यावर खेळत बसू नका, कन्सोलमध्ये स्टॉप टाइप करा, वर्ल्ड सेव्ह झाल्याची ओळ येऊ द्या, मग पीसी बंद करा, आणि त्याच आठवड्यात कधीतरी वर्ल्डचं फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करून ठेवा.